एकदाच विचारायचं

माझी नात ईशा मानसशास्त्र शिकते, म्हणजे कॉलेजात शिकते आणि घरी येऊन आमच्यावर प्रयोग करते. परवा सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन भुरभुरवत मला म्हणाली, "आजी, माणूस जे काही करतो ना, त्याच्यामागे गिनी-चुनी सात-आठ इच्छा असतात. बाकी सब मसाला." मग बोटांवर मोजत सांगायला लागली. खाणं, मान, सत्ता, लोकांनी आपलं म्हणावं ही आस, कुतूहल, घरसंसार, निवांतपणा आणि सूड. मी झारा खाली ठेवला. "सूडपण?" म्हटलं. "हो ना. कुणात कम, कुणात ज्यादा." "आणि माझ्यात गं?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पोहे तोंडात असतानाच फसकन हसली. "आजी, तू तो टॉपर आहेस."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यभर मला कुणी खुनशी म्हटलं, कुणी डूख धरणारी म्हटलं, माझ्या सख्ख्या भावानं तर "नागीण" म्हटलं. आणि आता कळतंय की ही भूक-तहानेसारखी एक साधी गोष्ट आहे, काहींना जास्त लागते. मला लागली ती पंधराव्या वर्षी, मोठ्या काकूंमुळे. त्या पावसाळ्याबद्दल मी घरात कधी सविस्तर बोलले नाही. आता लिहून टाकते. ज्यांना वाईट वाटायचं ते बहुतेक गेले, आणि जे राहिलेत त्यांना वाटलं तर वाटू दे.

तेव्हा सुदामा नगर नुकतं वसत होतं. निम्मे प्लॉट मोकळे, त्यांत गाजरगवत आणि म्हशी. भाऊकाका आणि बाबा या दोघा भावांनी मिळून एक घर बांधलं होतं. पुढच्या खोल्या भाऊकाका आणि मोठ्या काकूंच्या, मागच्या आमच्या, स्वयंपाकघर मधे आणि एकच. बाबा सकाळी सायकलवर टांग टाकून सांवेर रोडच्या कारखान्यात जायचे, तिथे ते स्टोअर सांभाळत. त्यांच्या सायकलची घंटी वाजली की आईचा दिवस सुरू व्हायचा आणि मोठ्या काकूंच्या बांगड्या वाजल्या की तो त्यांच्या ताब्यात जायचा. काकूंचं माहेर दरबारी. आजोबा सरदार, घरात मानाची तलवार, तिला दसऱ्याला अजून झेंडू वाहतात, हे आम्हाला उठता-बसता ऐकवलं जायचं. आईचे वडील मिलमध्ये कारकून होते. काकू त्याबद्दल आईला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या फक्त "तुमच्याकडे नसेल तशी पद्धत" एवढंच म्हणायच्या, हळू आवाजात, आणि आई खाली बघून कणीक मळायची.

काकूंची एक खासियत होती, ती नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काकू कुठल्याही गोष्टीला आधी "नको" म्हणायच्या. श्रीखंड वाढायला गेलं की ताटावर आडवा हात. "नको गं बाई, पोट तुडुंब भरलंय." मग आपण म्हणायचं, "घ्या हो काकू, थोडंसं." पुन्हा "छे छे, अगदी नको." मग तिसऱ्यांदा अगदी काकुळतीला येऊन म्हणायचं, तेव्हा त्या उसासा टाकून म्हणायच्या, "बरं, तू इतकं म्हणतेस तर." हात ताटावरच असायचा, पण बोटं अशी फाकवलेली की वाटीभर श्रीखंड मधून सहज उतरावं. साडी असो, पंगतीतला पहिला पाट असो, लग्नातली ओटी असो, तीनदा विनवल्याशिवाय काकू काही घ्यायच्या नाहीत, आणि तीनदा विनवल्यावर कधी सोडायच्याही नाहीत. आमच्याकडे आग्रह सगळेच करत. पण बाकीच्यांना आग्रहाबरोबर श्रीखंड हवं असायचं, काकूंना श्रीखंडाबरोबर आग्रह. हे मला तेव्हा कळत नव्हतं, मला वाटायचं मोठी माणसं अशीच असतात.

आई बी.ए., बी.एड. होती. ती डिग्री ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. दुपारी काकू झोपल्या की आई मागच्या पडवीत शेजारची चार-पाच पोरं जमवून त्यांना शिकवायची. बेरीज शिकवताना चिंचोके मांडायची, कविता शिकवताना टाळ्या वाजवायची, आणि तिचा आवाज त्या वेळी वेगळाच असायचा, मोकळा, जरा मोठासुद्धा. चार वाजता काकूंच्या बांगड्या वाजल्या की तो पुन्हा बारीक व्हायचा. त्या वर्षी आमच्या मराठी शाळेत एक जागा निघाली. मुख्याध्यापिका लिमयेबाई आईला महिला मंडळात भेटल्या होत्या, त्यांनी अर्ज करायला सांगितलं. बाबा म्हणाले, "कर की, बिलकुल कर." आईनं अर्ज केला आणि त्या दिवसापासून ती कणीक मळताना गुणगुणायला लागली. मी आईला कधी काही मागताना पाहिलं नव्हतं, अगदी गजरासुद्धा नाही. ही नोकरी मात्र तिला हवी होती, इतकी की ती बुधवारी टेम्पो बदलत खजराण्याला गेली, गणपतीपुढे नारळ ठेवायला.

आणि नेमक्या त्याच बुधवारी लिमयेबाई आमच्या घरी आल्या.

मी शाळेत होते, त्यामुळे हे मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. लिमयेबाई विचारायला आल्या होत्या की वत्सलाबाई, म्हणजे आई, सोमवारपासून रुजू होतील का. काकूंनी त्यांना पन्हं दिलं, बसवलं आणि सांगितलं, "तिला नको आहे हो. घरचं सोडून जमणार नाही तिला." लिमयेबाई बिचाऱ्या सरळ बाई, पन्हं पिऊन गेल्या. दुपारी आई प्रसादाचा नारळ घेऊन आली, काकूंच्या हातावर खोबरं ठेवलं, काकूंनी ते कपाळाला लावून खाल्लंसुद्धा. एक शब्द बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी आमच्या गल्लीतल्या कुंदामावशी, खांद्यावर पिशवी, फाटकातूनच ओरडल्या, "अगं वत्सला, पागल आहेस का? नोकरी को मना क्यों कर दिया? जागा भरली नं आता!"

आईच्या हातात पोह्यांचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि ती पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग. काकू सुपारी कातरत होत्या. आईनं विचारलं, "वहिनी, तुम्ही माझ्या वतीनं नको म्हणालात?" आवाज अगदी साधा, जसं दूध उतू गेलं का विचारावं. काकूंनी अडकित्ता थांबवलासुद्धा नाही. "अगं, रीत म्हणून म्हटलं. आपल्या घराण्यात लगेच हो म्हणतात का? त्यांना तू खरंच हवी असतीस तर पुन्हा विचारायला आल्या असत्या."

आई उभी राहिली, मग परत आली आणि पोहे निवडायला बसली. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पडवीतल्या पोरांना येऊ नका म्हणून सांगितलं, चिंचोक्यांची पिशवी माळ्यावर टाकली, आणि गुणगुणणं बंद झालं. मी तिच्या शेजारी बसून खडे वेचत होते आणि माझ्या पोटात असं काही पेटलं होतं की बस. काकूंना काय झालं म्हणजे मला थंड वाटेल, एवढाच विचार. विहिरीत ढकलावं असंही वाटलं. विहीर नव्हती कॉलनीत, नशीब त्यांचं.

मार्ग मला बाबांनी दाखवला, तोही नकळत. बाबा भांडण टाळणारे, "चलता है, जाऊ दे" वाले. पण माणसं त्यांना बरोबर कळायची. जेवताना कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्याकडे एक फोरमन होता, महिनोन्महिने पगारासाठी आरडाओरडा करायचा. पगार वाढला तरी आरडाओरडा चालूच. मग एक दिवस नव्या मॅनेजरनं त्याला सगळ्यांदेखत नावापुढे "जी" लावून हाक मारली, आणि गडी एकदम गार. "शैले, माणूस काय मागतो ते सोड," बाबा भाताचा घास कालवत म्हणाले, "काय नाही मिळालं की चिडतो, ते बघ. तेच त्याला पाहिजे असतं." मी समोर पाहिलं. काकू ताटावर आडवा हात धरून बसल्या होत्या आणि आई तिसऱ्यांदा म्हणत होती, "घ्या ना वहिनी." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, तू दमतेस, वाढायचं काम आजपासून माझं. आईला कौतुक वाटलं. मी भुट्ट्याच्या किसाची कढई घेऊन काकूंसमोर गेले. त्या दिवसांत कणसं आली होती, दुधात शिजलेला तो कीस, वरून मोहरी-मिरचीची फोडणी, त्याचा वास आला की काकू स्वयंपाकघरात दोन चकरा जास्त मारायच्या. "काकू, कीस?" "नको गं, आत्ताच तर घेतला." "बरं," म्हटलं, आणि पुढे गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा काकूंचा हात अजून तसाच होता, बोटं फाकवलेली, आणि त्यांमधून काहीच उतरलं नव्हतं.

काय सांगू, त्या एका "बरं"ची गोडी मला अजून आठवते. मग मी रोज तेच केलं. आमटी? नको. बरं. पोळी? नको. बरं. तोंडभर हसून, अदबीनं, एकदाच विचारायचं. मला रागावणार कशाबद्दल? मागायची तर त्यांना सवयच नव्हती. एकदा त्या भाऊकाकांना म्हणाल्या, "हल्लीच्या मुलींना वाढायचं वळण नाही." मी लगेच म्हटलं, "काकू, चुकलं का काही? तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही वाढलं. मोठ्यांचा शब्द मोडू नये नं." भाऊकाका म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं," आणि स्वतः आणखी कीस घेतला. काकू दुपारी डब्यातले शेंगदाणे खायला लागल्या. त्यांची झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि मला रात्री शांत झोप लागायला लागली. ईशा म्हणते सुडानं माणूस आतून जळतो. असेल बाई. मी तर त्या दोन महिन्यांत चांगली भरले होते, फ्रॉक घट्ट झाले.

पण कीस आणि आमटीनं आईची नोकरी परत येणार नव्हती, हेही मला कळत होतं. मला मोठं काहीतरी हवं होतं, आणि ते महालक्ष्म्या झाल्यावर चालून आलं. महिला मंडळाच्या अध्यक्षपदावर तेव्हा लिमयेबाईच होत्या, आणि त्यांना ते सोडायचं होतं. नवी अध्यक्षा ठरवायची सभा आमच्या घरी, श्रीखंड-पुरीच्या जेवणासकट. मंडळाची एक चांदीची गुलाबदाणी होती, ती अध्यक्षेच्या घरी राहायची. काकूंनी आठवडाभर आधी पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातला मधला खण रिकामा केला. काही बोलल्या नाहीत, नुसता पुसून स्वच्छ करून ठेवला. मी येता-जाता त्या रिकाम्या खणाकडे बघायचे. कुणाच्या तरी पोटात डोकावून पाहावं तसं वाटायचं.

सभेच्या दुपारी पंचवीस-तीस बायका, जरीच्या साड्या, खोबरेल आणि मोगऱ्याचा वास. आईनं सकाळपासून राबून पुऱ्या तळल्या होत्या आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदरानं घाम पुसत. मी श्रीखंड वाढत होते. काकू नारायणपेठी नेसून लिमयेबाईंच्या शेजारच्या पाटावर. "काकू, श्रीखंड?" "नको गं." "बरं." एवढं मुद्दाम करून घेतलं, म्हणजे सराव राहतो.

लिमयेबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तर मंडळी, माझ्या मते अध्यक्षपद यंदा आपल्या सुमतीवहिनींनी घ्यावं." टाळ्या पडल्या. काकूंनी मान खाली घातली, गालावर लाली, आणि अगदी हळू, सुंदर आवाजात म्हणाल्या, "नको हो, मला कुठे झेपतंय. दुसरं कुणीतरी बघा." झालं. आता लिमयेबाई दुसऱ्यांदा म्हणणार, मग सगळ्या बायका म्हणणार, आणि तिसऱ्यांदा काकू उसासा टाकणार. लिमयेबाईंनी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"लिमयेबाई," मी म्हटलं. श्रीखंडाचं पातेलं माझ्या कमरेवर, आवाज असा खणखणीत की माझाच मला वाटेना. "काकू नको म्हणाल्यात नं, मग परत नका विचारू. आईच्या नोकरीच्या वेळी काकूंनी तुम्हाला नको सांगितलं, तेव्हा तुम्ही कुठे परत विचारलं? आई तर घरीही नव्हती. ती खजराण्याला गेली होती, ती नोकरी मिळावी म्हणून नारळ ठेवायला."

काकू म्हणाल्या, "शैले, आत जा." मी हलले नाही. लिमयेबाई वळल्या, काकूंकडे नाही, दारात उभ्या आईकडे. "वत्सलाबाई, तुम्ही नको म्हणाला नव्हतात?" आईनं माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. मला वाटलं, संपलं. आता ही म्हणणार, जाऊ द्या हो, झालं ते झालं. तिचे ओठ तसे हललेही. काकूंनीही तेच गृहीत धरलं असावं, कारण त्या चक्क हसल्या, समजूतदार जावेसारख्या. ते हसणं आईनं पाहिलं.

"नव्हते म्हणाले," आई म्हणाली. तोच पडवीतला आवाज, मोकळा, जरा मोठा. "मला हवी होती. फार हवी होती. अजून हवी आहे."

तेवढ्यात पंगतीच्या टोकाहून कुंदामावशी उठल्या, तोंडातला घास गिळत. "चला, वत्सलाचं ते बघा बाई तुम्ही. आणि अध्यक्षपद सुमतीवहिनींना नको असेल तर मी करते नं! मला तो पसंद आहे, सीधी बात. शैले, इकडे श्रीखंड आण आधी." कुणीतरी फसकन हसलं, आणि त्या हसण्यानं काकूंचं सगळं गेलं. त्या आता "मला हवंय" असं म्हणू शकत नव्हत्या. सरदारांची नात, पंगतीत बसून मागणार कशी? गुलाबदाणी त्याच संध्याकाळी कुंदामावशींच्या पिशवीतून, भाजीच्या जुडीशेजारी बसून, गल्लीच्या टोकाला गेली. लिमयेबाईंनी दिवाळीनंतर आईला शाळेत घेतलं, एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून. त्या परत आल्या तरी आई राहिली, निवृत्त होईपर्यंत राहिली. माळ्यावरून चिंचोके मीच काढून दिले.

सभेच्या त्या रात्री भांडी घासताना आई मला म्हणाली, "मोठ्यांना चारचौघांत असं बोलू नये." मी म्हटलं, "हो." तिनं आणखी एक ताट घासलं आणि गुणगुणायला लागली.

काचेच्या कपाटातला तो खण काकूंनी वर्षानुवर्षं रिकामा ठेवला. लोक म्हणतात, तिथे तुझा सूड पूर्ण झाला, आता सोड. पण माझ्या जिभेला चटक लागली होती नं! लग्नात, बारशात, जिथे काकू भेटतील तिथे मी त्यांना एकदाच विचारलं. एकदा. कधी दोनदा नाही. त्या नको म्हणायच्या, मी बरं म्हणायचे. आई गेली तेव्हा सुद्धा तेराव्याच्या पंगतीत काकूंना लाडू एकदाच विचारला, आणि त्या तशाच उठल्या.

गेल्या वर्षी कळलं की काकूंचं आता काही खरं नाही. बायपासकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये होत्या, अंथरुणाला खिळलेल्या, नव्वदीच्या पुढे. ईशा म्हणाली, "आजी, जाऊन ये. माफ कर दे, हलकं वाटेल." मी गेले. पण माफ करायला नाही, खोटं कशाला लिहू? घरी चक्का बांधून केशराचं श्रीखंड केलं, त्यांच्या आवडीचं, आणि डबा घेऊन निघाले. रिक्षात बसून मी ठरवलं होतं, विचारायचं एकदा, त्या नको म्हणतील, आणि त्यांच्यासमोर डब्याचं झाकण लावायचं. शेवटचं झाकण.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या, वाळून मूठभर झालेल्या. सुनेनं वाटी-चमचा आणून दिला आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली. मी डबा उघडला. केशराचा वास खोलीभर झाला. "काकू," मी म्हटलं, "श्रीखंड?"

त्यांचा हात हलला. मला वाटलं, येतो आता ताटावर आडवा. तर त्यांनी तो पालथ्याचा सुलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"दे," काकू म्हणाल्या. "तू एकदाच विचारतेस."

मी वाटी भरली. त्यांनी संपवली. "आणखी?" म्हटलं. "हो," म्हणाल्या. पुन्हा भरली. "आणखी?" "हो." त्या माझ्या डोळ्यांत बघत खात होत्या आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघत वाढत होते, आणि बाईंनी सगळा डबा रिकामा केला, चाखायला माझ्यापुरतं चमचाभरसुद्धा ठेवलं नाही.